करपलेले स्टीलचे भांडे: घासण्याआधीची कामे आणि पायऱ्यांचा क्रम

दूध तळाला लागले किंवा आमटी आटून करपली की बहुतेक घरांत ते पातेले तसेच गरम मोरीत जाते, त्यावर गार पाण्याची धार सुटते आणि पाठोपाठ तारेची घासणी फिरू लागते. खरपुडी निघत नाही असे नाही. परंतु तिच्याबरोबर भांड्याची झिलई जाते, तळ किंचित फुगतो आणि ओरखड्यांनी खडबडीत झालेल्या त्या तळाला पुढच्या वेळी दूध आणखी लवकर लागते. दुसरी चूक हल्ली फार पसरली आहे. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतायचे, फेस आला की काम झाले असे समजायचे आणि शेवटी पुन्हा घासणीच हातात घ्यायची. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि मागे उरते ते फारसे काही न करणारे पाणी. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या डागांवर आणि वेगवेगळ्या वेळी: आधी सोडा, मध्ये स्वच्छ पाणी, नंतर आंबट. या लेखात हाच क्रम सविस्तर दिला आहे.

## पूर्वतयारी

### भांडे खरोखर स्टीलचे आहे ना?

हा प्रश्न अनावश्यक वाटेल, पण सोड्याच्या पाण्याने काळी पडलेली भांडी बहुधा स्टीलची नसतातच. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम यांना सोडा चालत नाही. त्यात उकळताच त्यांचा पृष्ठभाग काळपट होतो आणि झिजतो. घरातले जुने कुकर बहुतेक याच धातूचे असतात. ॲल्युमिनियमचे भांडे आकाराच्या मानाने हलके लागते, त्याचा रंग मंद राखाडी असतो आणि आतून कोरडे पांढरे फडके घासले तर त्यावर करडा डाग उमटतो. लोहचुंबकावर विसंबू नये, कारण चांगल्या प्रतीच्या स्टीललाही तो चिकटत नाही.

भांडे स्टीलचेच असले तरी त्याचा तळ उलटून पाहावा. काही पातेल्यांना खालून तांब्याचा मुलामा असतो, तर काही कढयांच्या तळाला ॲल्युमिनियमची जाड चकती उघडी बसवलेली असते. अशी भांडी आतून सोड्याने उकळायला हरकत नाही. मात्र ती दुसऱ्या मोठ्या भांड्यात सोड्याच्या पाण्यात बुडवू नयेत.

स्टीलला न गंजण्याचा गुण येतो तो त्यातील क्रोमियममुळे. क्रोमियम किमान १०.५ टक्के असले की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा धरतो. परंतु मीठ आणि क्लोरीनयुक्त पदार्थ त्याला जागोजागी भेदतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त भांड्यांत वापरल्या जाणाऱ्या २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते, त्यामुळे ती भांडी मिठाला लवकर बळी पडतात. घरातले भांडे कोणत्या प्रतीचे आहे हे ठाऊक नसेल तर ते २०२ चे आहे असे धरूनच वागावे.

### काय करपले आहे?

उपाय भांड्यावर ठरत नाही, करपलेल्या पदार्थावर ठरतो. सगळ्या काळ्या थरांना एकच औषध लावल्यामुळे निम्मे श्रम वाया जातात.

गूळ, साखर, काकवी किंवा पुरण लागले असेल तर तो डाग दिसायला सर्वांत भयंकर आणि काढायला सर्वांत सोपा असतो. पूर्ण कोळसा झालेला भाग सोडला, तर साखर पाण्यात विरघळते. संक्रांतीच्या तिळगुळाचा पाक पातेल्यात दगडासारखा घट्ट झाला, तरी त्याला सोडा लागत नाही आणि सुरीही लागत नाही. नुसते पाणी घालून उकळले की तो सुटतो.

भात, पिठले, खीर यांतील पिष्ट पाण्याने फुगते आणि मऊ होते. तिथे कोमट पाणी व वेळ दिला की बरेचसे काम होते.

दूध, बासुंदी, खवा यांचा थर चिवट असतो. त्यात प्रथिने असतात, स्निग्धांश असतो, साखर असते आणि कॅल्शियमचे क्षारही असतात. म्हणून दुधाच्या खरपुडीला सोडा आणि आंबट ही दोन्ही, त्याच क्रमाने, द्यावी लागतात. साताऱ्याकडे घरी पेढ्यांसाठी खवा भाजणाऱ्यांना हा थर चांगला परिचयाचा असेल.

तेलाचा डाग वेगळाच. कढईच्या कडांवर जो पिवळट-तपकिरी, आधी चिकट आणि पुढे वार्निशसारखा कडक थर बसतो, ते तापून घट्ट झालेले तेल असते. तो पाण्यात भिजवून ठेवून काहीच होत नाही आणि लिंबाने तर मुळीच नाही. त्याला सोडाच हवा.

राहिले दोन डाग, जे मुळात करपलेले नसतात. तळावर मोरपंखी निळसर-सोनेरी झाक येते ती जास्त तापल्यामुळे वरचा ऑक्साइडचा थर जाड झाल्याने, आणि पांढरे खडूसारखे ठिपके येतात ते पाण्यातील क्षारांमुळे. जत, आटपाडी किंवा माण, खटाव या भागांत जिथे बोअरचे जड पाणी वापरावे लागते, तिथे हे ठिपके रोजचेच. या दोन्हींवर सोडा निरुपयोगी आहे. त्यांना फक्त आंबट चालते.

### साहित्य

खाण्याचा सोडा, लिंबूसत्त्व किंवा साधे पांढरे व्हिनेगर, भांड्यांचा साबण, लाकडी उलथणे किंवा कालथा, नारळाचा काथ्या अथवा नायलॉनची घासणी, रबरी हातमोजे आणि पुसायला सुती फडके एवढे पुरते. डाग जुना व तेलकट असेल तर धुण्याचा सोडाही आणावा. किराणा दुकानात तो स्वस्त मिळतो. मात्र तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हाताळू नये आणि स्वयंपाकघरात खाण्याच्या सोड्याशेजारी ठेवू नये. पांढरी पूड पांढऱ्या पुडीसारखीच दिसते. डब्यावर नाव लिहावे.

## पायरी १: गॅस बंद करून भांडे निवू द्यावे

भांडे शेगडीवरून उतरवून कोरड्या जागी ठेवावे आणि हाताला सोसेल इतके निवेपर्यंत त्याला पाणी दाखवू नये. तापलेला तळ एकदम गार पडला की तो आतून-बाहेरून सारखा आकसत नाही आणि बाक येतो. असे भांडे शेगडीवर डुलते, एकाच जागी तापते आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा करपते. जाड, दोन-तीन थरांच्या तळाच्या भांड्यांत तर थर सुटण्याचाही धोका असतो.

वरचा न करपलेला पदार्थ वाचवायचा असेल, तर न ढवळता, तळ न खरवडता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा. ढवळले की करपट वास सगळ्यात उतरतो.

## पायरी २: सुटे काढून भिजत घालावे

निवलेल्या भांड्यातील जे लाकडी कालथ्याने सहज उचलले जाते तेवढेच काढावे. जोर लावू नये. मग खरपुडीच्या वर दोन बोटे येईल इतके पाणी घालावे.

पाणी किती गरम असावे हे पदार्थावर ठरते. गूळ-साखरेला गरम पाणी, भाताला कोमट. दुधाच्या थराला मात्र आधी साधे पाणी द्यावे, कारण अर्धवट लागलेली दुधाची प्रथिने एकदम कडकडीत पाण्याने आणखी घट्ट होतात. भात आणि दूध यांना दोन-तीन तास, किंवा रात्री करपले असेल तर सकाळपर्यंत, तसेच ठेवावे. तेलाच्या डागासाठी ही पायरी गाळून पुढे जावे.

तपासणी: भिजलेल्या थराची कड नखाने उचलून पाहावी. ती ओल्या पापडासारखी वाकत असेल तर काथ्या आणि साबण यांनीच भांडे निघेल आणि पायरी ७ वर जाता येईल. कड कुरकुरीत तुटत असेल किंवा नख नुसते घसरत असेल तर सोडा लागणार.

## पायरी ३: सोड्याचे पाणी उकळावे

संपूर्ण कामाचा भार या पायरीवर आहे आणि घाईही इथेच सर्वाधिक होते.

भिजवलेले गढूळ पाणी ओतून द्यावे. स्वच्छ पाणी घ्यावे, पुन्हा दोन बोटे वर येईल इतके, आणि दर लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा गार पाण्यातच विरघळवावा. उकळत्या पाण्यात वरून सोडा टाकला तर ते एकदम फसफसून उतू जाते आणि हात भाजतो. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.

मध्यम आचेवर उकळी आणावी, नंतर आच कमी करून दहा ते पंधरा मिनिटे मंद उकळू द्यावे. गार पाण्यात सोडा कालवून रात्रभर ठेवण्यापेक्षा हा उपाय कितीतरी प्रभावी ठरतो, आणि त्याचे कारण रासायनिक आहे: उष्णतेने खाण्याच्या सोड्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोड्याचा काही भाग भांड्यातच धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणजे पाणी हळूहळू अधिक तीव्र होते. हे तीव्र पाणी स्निग्धांशाचे साबणात रूपांतर करते आणि प्रथिने सैल करते. पाण्याचा रंग चहासारखा होऊ लागला, तुकडे तरंगू लागले, की काम चालू आहे असे समजावे.

यानंतर गॅस बंद करावा आणि भांडे त्याच पाण्यात कोमट होईपर्यंत ठेवावे. उकळून लगेच पाणी ओतून देणे ही इथली नेहमीची चूक आहे. थराखाली पाणी शिरते ते मुख्यतः या निवण्याच्या वेळात.

जुन्या तेलाच्या थरासाठी खाण्याच्या सोड्याऐवजी दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घ्यावा. तेव्हा हातमोजे हवेतच आणि उकळत्या भांड्यावर तोंड नेऊन वाकू नये.

इशारा: या पाण्यात व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीही घालू नये. मीठही घालू नये.

इशारा: उकळत असताना भांडे सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नये. पाणी आटून सोडा तळाला बसला की मूळ करपटावर नवा कडक थर चढतो.

## पायरी ४: खरवडणे, लाकडाने आणि कोमट असताना

पाणी कोमट असतानाच लाकडी कालथ्याची सपाट कड थराखाली तिरकी सारावी. वरून खाली दाबायचे नाही. कडेकडून मध्याकडे ढकलायचे. थर पत्र्यासारखा सुटू लागला तर उत्तम. जिथे अडतो तिथे थांबावे आणि दुसरीकडून यावे. मग पाणी ओतून काथ्याने साबण लावून घासावे. स्टीलच्या अंगावर बारीक समांतर रेषा दिसत असतील तर त्या रेषांच्या दिशेनेच हात फिरवावा. गोल गोल घासल्याने आडवे ओरखडे पडतात आणि ते प्रकाशात कायम दिसत राहतात.

तारेच्या घासणीबद्दल थोडे स्पष्ट सांगणे भाग आहे. स्टीलची जाड वेटोळ्यांची घासणी ओरखडे पाडते, पण निदान गंजत नाही. साध्या लोखंडी तारेची घासणी त्याहून वाईट, कारण तिचे सूक्ष्म कण भांड्यात रुतून बसतात आणि दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसू लागतात. लोक दुकानदाराला दोष देतात की स्टील गंजले. गंजलेले असते ते घासणीचे लोखंड. विटेची पूड आणि वाळू यांचाही विचार करू नये. चुलीची राख ज्यांच्याकडे अजून मिळते, त्यांनी ती वस्त्रगाळ करून वापरायला हरकत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते सोड्याच्याच जातीचे काम करते. घरातील वडीलधाऱ्या बायका ओल्या राखेने भांडी घासत त्यात तथ्य होते. न चाळलेल्या राखेतील खडे मात्र वाळूइतकेच वाईट.

तपासणी: भांडे धुऊन, पुसून उजेडात तिरके धरावे. नखाला लागणारा थर उरला असेल तर पायरी ५. नखाला काही लागत नाही पण डाग दिसतो, तर ती पायरी सोडून थेट पायरी ६.

## पायरी ५: चिवट जागांवर सोड्याचा लेप

पहिल्या उकळीत सगळे निघालेच पाहिजे असे नाही. थर जाड असेल तर सोड्याची उकळी नव्या पाण्याने आणखी एकदा द्यावी; जोर वाढवण्यापेक्षा ते बरे. त्यानंतरही कोपऱ्यांत आणि हँडलच्या रिव्हेटभोवती जे चिकटून राहते, त्यासाठी तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी यांचा दाटसर लेप करावा, डागावर जाड थापावा आणि वर ओले फडके ठेवावे. सांगलीच्या उन्हाळ्यात उघडा लेप लगेच वाळतो आणि वाळलेला लेप काहीच काम करत नाही, म्हणून ओले फडके महत्त्वाचे. तासाभराने त्याच लेपाने बोटाला फडके गुंडाळून चोळावे. सोड्याचे कण स्टीलपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. रिव्हेटच्या सांध्यात जुना दातांचा ब्रश चालतो.

बाहेरून तळावर जळून बसलेल्या तेलालाही हाच लेप लावावा, पण रात्रभर; तळाला ॲल्युमिनियमची उघडी चकती असेल तर मात्र नाही. तळ तांब्याचा असेल तर चिंच किंवा लिंबू-मीठ फक्त तांब्यावर चोळून लगेच धुवावे. लिंबू-मिठाचा जो उपाय तांब्या-पितळेला उत्तम आहे तो स्टीलवर लावून ठेवणे घातक आहे, कारण आम्ल आणि मीठ मिळून त्या संरक्षक थराला भेदतात.

## पायरी ६: आता आंबट

भांडे आधी साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. सोड्याचा बुळबुळीतपणा बोटांना लागता कामा नये. मग एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ते भांड्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. व्हिनेगर असेल तर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. चिंचेचा कोळही चालतो, फक्त तो मीठ न घातलेला असावा; दुकानातील मिठात साठवलेली चिंच नको.

दुधाच्या क्षारांचा जो करडा-पांढरा पापुद्रा सोड्याला दाद देत नाही तो इथे सुटतो. बोअरच्या पाण्याचे ठिपके आणि मोरपंखी झाकही याच पाण्याने जातात. नुसती झाक असेल तर फडक्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसले तरी पुरते. आंबट पाणी भांड्यात रात्रभर ठेवू नये, त्याने काही अधिक मिळत नाही.

## पायरी ७: धुणे, कोरडे करणे आणि पाण्याची परीक्षा

साबणाने धुऊन शेवटचे पाणी शक्यतो नळाचे किंवा गाळलेले, कमी क्षारांचे घ्यावे आणि भांडे लगेच सुती फडक्याने पुसावे. पालथे घालून आपोआप वाळू दिले तर जड पाण्याचे ठिपके पुन्हा येतात आणि पायरी ६ वाया जाते.

तपासणी: पुसण्याआधी भांड्यात वाटीभर पाणी फिरवून ओतून द्यावे. स्वच्छ स्टीलवर पाण्याचा सलग पातळ पडदा पसरतो. कुठे पाणी फाटून थेंब होत असतील, तर त्या जागी डोळ्यांना न दिसणारे तेल उरले आहे. तिथे पुन्हा साबण, आणि गरज वाटली तर सोड्याचा लेप.

## कुकर करपला असेल तर

स्टीलच्या कुकरला वरील सर्व पायऱ्या लागू आहेत, मात्र झाकण न लावता. झाकण लावून सोड्याचे पाणी कधीही उकळू नये: फेस वर चढून शिटीच्या नळीत अडकतो, वाफेची वाट बंद होते आणि ते धोकादायक आहे. शिटी आणि रबरी रिंग आधी काढून नुसत्या साबणाने धुवावीत. झाकणाच्या नळीतून पलीकडचा उजेड दिसतो ना, हे पाहिल्याशिवाय कुकर पुन्हा वापरू नये. बॅकेलाइटच्या (कडक काळ्या प्लास्टिकच्या) दांड्या पाण्यात बुडवून ठेवू नयेत. आतले स्क्रू गंजतात आणि दांडी ढिली होते.

## हे वापरू नये

फरशी आणि संडास धुण्याचे ॲसिड हे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते करपट काढते तसे स्टीलही खाते, आणि त्या भांड्यात पुढे अन्न शिजवायचे आहे हे विसरू नये. क्लोरीनचे ब्लीच स्टीलला खड्डे पाडते; शिवाय ते ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू यांच्यात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडाही घरात आणू नये, त्याचा एक शिंतोडा डोळ्याला पुरेसा असतो. रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवून करपट जाळून टाकण्याचा उपाय काही जण सांगतात. त्याने करपट कोळसा होऊन अधिक घट्ट बसते आणि तळ मात्र हमखास वाकतो.

## कुठे थांबावे

सोड्याच्या दोन उकळ्या, लेप आणि आंबट पाणी एवढे झाल्यावर जो फिकट तपकिरी डाग उरतो आणि नखाला मुळीच लागत नाही, तो तसाच राहू द्यावा. त्याने अन्नाला चव लागत नाही आणि तो काढण्याच्या नादात भांडे ओरखडण्यात अर्थ नाही. सपाट ओट्यावर ठेवून तळ डुलतो का तेही पाहावे. थोडा डुलला तर पातेले पाणी तापवायला उपयोगी पडते, दूध तापवायला नको. चकतीचा तळ एका बाजूने उकललेला दिसला, किंवा खड्ड्यांतून वारंवार गंज येत असला, तर ते भांडे मोडीत द्यावे.

वापरात परत घेण्यापूर्वी भांड्यात एकदा साधे पाणी उकळून ओतून द्यावे. त्यानंतर डाळ किंवा भाजीचे आधण ठेवताना मीठ गार पाण्यात टाकू नये; ते तळाशी बसून नुकत्याच उघड्या पडलेल्या स्टीलला खड्डे पाडते. पाणी उकळल्यावर मीठ घालून लगेच ढवळावे.